एका ओळीच्या शेऱ्यावर अडलेली पेन्शन : धरमवीर सिंग खटल्याचा अभ्यास

१५ जून १९८५ रोजी धरमवीर सिंग भारतीय लष्कराच्या कोअर ऑफ सिग्नल्समध्ये, म्हणजे संदेशवहन सांभाळणाऱ्या दलात, शिपाई म्हणून भरती झाले. भरतीच्या वेळी वैद्यकीय तपासणी झाली आणि ते तंदुरुस्त ठरले. त्यांच्या कागदांवर कसल्याही आजाराची नोंद नव्हती. जवळपास नऊ वर्षे नोकरी झाल्यावर, १ एप्रिल १९९४ पासून, लष्कराने त्यांना वैद्यकीय कारणावरून घरी पाठवले. निदान होते ‘जनरलाइज्ड सीझर’, म्हणजे अपस्मार. आपल्याकडे ज्याला फिट येणे किंवा फेफरे म्हणतात तो आजार. अपंगत्व २० टक्के आणि कायमचे. मेडिकल बोर्डाने, म्हणजे जवानाची तपासणी करणाऱ्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने, शेरा मारला की या अपंगत्वाचा लष्करी सेवेशी संबंध नाही.

याच शेऱ्यावर त्यांची डिसॅबिलिटी पेन्शन, म्हणजे अपंगत्वाबद्दलची पेन्शन, नाकारली गेली. त्यांनी अर्ज केला, तोही फेटाळला गेला. पुढे उच्च न्यायालयात एकदा जिंकले, एकदा हरले आणि शेवटी २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. सेवेतून बाहेर पडल्यापासून तोवर एकोणीस वर्षे उलटली होती.

‘धरमवीर सिंग विरुद्ध भारत सरकार’ (दिवाणी अपील क्र. ४९४९/२०१३) हा निकाल आज देशभरच्या माजी सैनिकांच्या अर्जांत, अपिलांत आणि युक्तिवादांत सर्वाधिक आढळणाऱ्या निकालांपैकी एक आहे. तो सविस्तर समजून घ्यावासा वाटतो, याचे कारण त्यात न्यायालयाने कोणताही नवा हक्क दिलेला नाही. शिपायाला पेन्शन देणारे नियम १९८२ पासून छापील स्वरूपात सरकारच्याच कपाटात होते. ते वाचायचे राहून गेले आणि त्याची किंमत एका कुटुंबाने दोन दशके मोजली.

नऊ वर्षांच्या नोकरीचा पेच

शिपायाला साधी सेवा पेन्शन मिळायला १५ वर्षे पूर्ण व्हावी लागतात. आजारपणामुळे सेवा सोडावी लागली, तर ‘इनव्हॅलिड पेन्शन’ नावाची तरतूद होती, पण तिला किमान १० वर्षे लागत. त्याहून कमी सेवा असेल तर एकरकमी ग्रॅच्युइटी देऊन मोकळे. (२०२० मध्ये संरक्षण मंत्रालयाने ही दहा वर्षांची अट शिथिल केली, पण ती ४ जानेवारी २०१९ रोजी किंवा त्यानंतर सेवेत असलेल्यांपुरतीच.) नऊ वर्षे नोकरी केलेल्या जवानापुढे त्यामुळे एकच दार उरत होते, ते डिसॅबिलिटी पेन्शनचे. लष्कराच्या १९६१ च्या पेन्शन विनियमांतील कलम १७३ म्हणते की, लष्करी सेवेमुळे उद्भवलेल्या किंवा सेवेमुळे वाढलेल्या अपंगत्वामुळे जवानाला सेवेबाहेर काढले आणि ते अपंगत्व २० टक्के किंवा अधिक असले, तर ही पेन्शन द्यावी. २० टक्क्यांची अट धरमवीर सिंग पुरी करत होते. अडले ते ‘सेवेमुळे’ या अटीवर.

पेन्शन नाकारली म्हणजे दरमहा येणारी थोडी रक्कम गेली, एवढाच अर्थ बाहेरच्या माणसाला कळतो. जवानाच्या घरात तिचा अर्थ फार मोठा असतो. वैद्यकीय कारणावरून मुदतीआधी बाहेर पडलेला माणूस सरकारी व्याख्येत ‘माजी सैनिक’ ठरतो तोच मुळी त्याला वैद्यकीय किंवा डिसॅबिलिटी पेन्शन मंजूर झालेली असेल तर. ती नसेल तर माजी सैनिकाचे ओळखपत्र मिळत नाही, नोकऱ्यांमधला राखीव कोटा मिळत नाही, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या बहुतेक योजनांची दारे बंद राहतात. १ एप्रिल २००३ रोजी माजी सैनिकांसाठी अंशदायी आरोग्य योजना, म्हणजे ईसीएचएस, सुरू झाली. तिच्या पॉलिक्लिनिकमधून तपासणी, औषधे आणि पुढे पॅनेलवरच्या रुग्णालयात उपचार मिळतात, पण तिच्याही सदस्यत्वाला सामान्यतः पेन्शनधारक असावे लागते. अपस्माराच्या रुग्णाला वर्षानुवर्षे रोज गोळ्या घ्याव्या लागतात, मध्येच बंद केल्या तर फिट पुन्हा येतात. ज्या माणसाला सरकारी दवाखान्याची सर्वाधिक गरज, नेमका तोच त्या दवाखान्याच्या यादीत नाही, अशी ही अवस्था.

सातारा जिल्ह्यातले आपशिंगे मिलिटरी किंवा कोल्हापूर जिल्ह्यातले सैनिक टाकळी अशा गावांत हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. ‘बोर्डआऊट झाला’ (मेडिकल बोर्डाने घरी पाठवला) आणि ‘पेन्शन बसली नाही’ ही दोन वाक्ये एकामागोमाग आली की ऐकणारा गप्प होतो. फौजेतून परतलेल्या माणसाला सहसा मिळणारी कामे म्हणजे सिक्युरिटी गार्डची नाही तर ड्रायव्हरची, आणि फिट येणाऱ्याला या दोन्ही कामांवर कोणी ठेवत नाही. विहिरीवर, इलेक्ट्रिक मोटारीजवळ किंवा ट्रॅक्टरवर त्याने एकट्याने काम करणेही धोक्याचेच. ‘अपंगत्व २० टक्के’ हा कागदावरचा आकडा फार लहान दिसतो. त्या माणसाच्या रोजीरोटीचा किती भाग त्यात जातो, हे त्या आकड्यावरून कधीच कळत नाही.

नियमांत काय लिहिले होते

अपंगत्व सेवेमुळे आले की नाही हे ठरवायचे कसे, यासाठी १९८२ चे ‘एन्टायटलमेंट रूल्स फॉर कॅज्युअल्टी पेन्शनरी अवॉर्ड्स’ लागू होते. सगळा खटला यातल्या तीन नियमांवर उभा आहे, म्हणून ते सावकाश पाहू.

नियम ५ दोन गृहीतके मांडतो. सेवेत दाखल होताना ज्या व्याधींची नोंद झाली त्या सोडल्या, तर जवान शरीराने आणि मनाने निरोगी होता असे धरायचे. पुढे वैद्यकीय कारणावरून त्याला काढले, तर त्याच्या प्रकृतीत झालेली घसरण सेवेमुळे झाली असे धरायचे.

नियम ९ पुराव्याच्या ओझ्याबद्दल आहे. हक्काच्या अटी सिद्ध करण्याचे काम दावेदारावर टाकायचे नाही. रास्त शंका असेल तर तिचा फायदा त्याला द्यायचा, आणि फील्ड सर्व्हिसमधल्या, म्हणजे सीमेवर किंवा युद्धक्षेत्रात असलेल्या, जवानाच्या बाबतीत तर अधिकच उदारपणे. वीस-बावीस वर्षांचा पोरगा सीमेवर, वाळवंटात, बर्फात राहतो. तिथे आपल्या मेंदूत काय बिघडले आणि कशाने, याचा पुरावा तो कुठून आणणार? सगळी कागदपत्रे सरकारच्या ताब्यात, डॉक्टर सरकारचे, बदल्यांच्या नोंदी सरकारच्या. ज्याच्याकडे माहिती आहे त्याने सिद्ध करावे, हे या नियमामागचे न्याय्य तत्त्व आहे, आणि माझ्या मते ते संपूर्ण पेन्शन कायद्यातले सर्वांत शहाणे तत्त्व आहे.

नियम १४ आजारांबद्दल आहे. जवानाला ज्या आजारामुळे बाहेर पडावे लागले त्याची भरतीच्या वेळी नोंद नसेल, तर तो आजार सामान्यतः सेवेतच उद्भवला असे मानायचे. याला एक अपवाद आहे. भरतीपूर्व तपासणीत हा आजार कळणे शक्यच नव्हते असे वैद्यकीय मत असेल, आणि तसे का, याची कारणे दिलेली असतील, तर मात्र हे गृहीतक लागू होत नाही. ‘कारणे दिलेली असतील तर’ ही अट नियमातच आहे. मेडिकल अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शक पुस्तिकेतही मत देताना पाळायच्या पद्धती सांगितल्या आहेत. लष्करी वैद्यकीय विनियमांचे कलम ४२३ आणखी एक गोष्ट स्पष्ट करते. आजाराचे कारण युद्धक्षेत्रात घडले की शांततेच्या ठिकाणी, याने सेवेशी असलेल्या संबंधात फरक पडत नाही. ‘पीस पोस्टिंगला होता, मग सेवेचा काय संबंध’ हा युक्तिवाद आजही बोर्डाच्या कागदांत दिसतो, म्हणून हे कलम लक्षात ठेवण्यासारखे आहे.

आता धरमवीर सिंग यांची फाइल या नियमांसमोर ठेवून पाहा. भरतीच्या वेळी अपस्माराची नोंद नाही. बोर्डाचे मत आहे, पण मतामागची कारणे नाहीत. आजार भरतीच्या वेळी कळू शकला नसता असे बोर्डाने कुठे म्हटलेले नाही. नियम सरळ वाचले तर उत्तर एकच निघते. तरीही पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाने बोर्डाचा शेरा उचलला आणि नकाराचे पत्र पाठवले.

शिमला ते दिल्ली

प्रकरण हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयात, शिमल्याला गेले. २००४ मध्ये एकल न्यायाधीशांनी याचिका मान्य केली आणि डिसॅबिलिटी पेन्शन द्यायला सांगितले. इथेच हे संपायला हवे होते. केंद्र सरकार खंडपीठापुढे अपिलात गेले, ते अपील पाच वर्षे चालले आणि ३१ जुलै २००९ रोजी खंडपीठाने एकल न्यायाधीशांचा निकाल रद्द केला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांच्या हस्ते सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे उद्घाटन झाले. सैनिकांचे असे वाद लवकर मिटावेत यासाठीच २००७ च्या कायद्याने ते स्थापन झाले होते. धरमवीर सिंग यांच्यापुढे मात्र आता सर्वोच्च न्यायालयाचाच रस्ता उरला होता.

सरकारची बाजू दुबळी नव्हती, हेही सांगायला हवे. त्याआधीच्या अनेक निकालांत, उदाहरणार्थ बलजित सिंग (१९९६), केशर सिंग (२००७) आणि ए. व्ही. दामोदरन (२००९) यांच्या खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयानेच मेडिकल बोर्डाच्या मताला मोठे वजन दिले होते. तज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेले मत न्यायालयाने सहजासहजी बाजूला सारू नये, असा त्या निकालांचा रोख होता. सरकार म्हणत होते की बोर्डाने मत दिले आहे, विषय संपला.

न्या. सुधांशू ज्योती मुखोपाध्याय यांनी लिहिलेल्या निकालाने हे जुने निकाल मोडीत काढले नाहीत. त्या प्रकरणांची वस्तुस्थिती आणि या प्रकरणाची वस्तुस्थिती यांतला फरक निकालात दाखवला आहे. बोर्डाच्या मताला मान आहेच, पण नियमांनी सांगितलेल्या रीतीने ते मत दिलेले असले पाहिजे. इथे बोर्डाने कारणे दिलेली नाहीत. पेन्शन मंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने ही उणीव पाहिली नाही, भरतीच्या वेळची नोंद तपासली नाही आणि बोर्डाच्या अहवालावर यांत्रिकपणे नकार दिला, असा ठपका न्यायालयाने ठेवला. भरतीच्या वेळी अपस्मार असल्याचा कोणताही पुरावा नाही. मग नियम ५ प्रमाणे ते निरोगी होते असे धरायचे, आणि प्रकृती सेवेमुळे बिघडली असे धरायचे. गृहीतक उलटवायची जबाबदारी सरकारची होती आणि सरकारने ती पार पाडली नव्हती.

निकालाचा परिच्छेद २९ हा त्याचा गाभा आहे. कोणत्या अटींवर पेन्शन मिळते, निरोगी असल्याचे गृहीतक कसे लागते, सिद्ध करायची जबाबदारी कोणाची, कारणे द्यायची सक्ती कोणावर, हे सारे तिथे उपपरिच्छेदांत मांडले आहे. स्वतःचे अपील लिहिणाऱ्या माजी सैनिकाने निकालाची सगळी पाने वाचली नाहीत तरी चालेल, पण हा एक परिच्छेद वाचावा.

शेवटी न्यायालयाने एकल न्यायाधीशांचा आदेश कायम केला आणि तीन महिन्यांत लाभ द्यायला सांगितले. तसे झाले नाही तर एकल न्यायाधीशांनी ठरवलेले व्याजही द्यायचे होते.

निकालानंतर

पुढच्या वर्षी, २५ जून २०१४ रोजी, सुखविंदर सिंग यांच्या खटल्यात न्या. विक्रमजित सेन यांनी आणखी एक मुद्दा निकाली काढला. बोर्डाने जवानाला सेवेसाठी अपात्र ठरवून घरी पाठवायचे आणि त्याच कागदावर अपंगत्व २० टक्क्यांहून कमी लिहायचे, म्हणजे पेन्शनही टळली, असा प्रकार चालायचा. न्यायालय म्हणाले, ज्या अपंगत्वामुळे माणसाची नोकरी जाते ते २० टक्क्यांहून अधिकच आहे असे मानले पाहिजे. फेब्रुवारी २०१५ मध्ये राजबीर सिंग खटल्यात न्या. टी. एस. ठाकूर यांनी धरमवीर सिंग निकालाला दुजोरा दिला. डिसॅबिलिटी पेन्शनची तरतूद कल्याणकारी आहे, तिचा अर्थ उदारपणे लावावा, असे त्या निकालात म्हटले आहे.

पेन्शनच्या रकमेवर सर्वांत मोठा परिणाम झाला तो १० डिसेंबर २०१४ च्या राम अवतार निकालाचा. पाचव्या वेतन आयोगानंतर सरकारने अपंगत्वाच्या टक्केवारीचे टप्पे ठरवले होते. ५० पेक्षा कमी असेल तर ५० धरायचे, ५० ते ७५ असेल तर ७५ आणि त्यापुढे १००. याला ‘ब्रॉड बँडिंग’ म्हणतात. सरकार हा लाभ फक्त आजारपणामुळे मुदतीआधी काढलेल्यांना देत होते. मुदत पूर्ण करून, पण अपंगत्व घेऊन निवृत्त झालेल्यांनाही तो द्यावा, असे न्यायालयाने ठरवले. पेन्शनचा अपंगत्वाचा हिस्सा १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतो आणि टक्केवारीनुसार कमी होत जातो. समजा शेवटचा पगार ३०,००० रुपये आहे. २० टक्क्यांप्रमाणे हा हिस्सा महिन्याला १,८०० रुपये होईल, ५० टक्के धरले तर ४,५०० रुपये. साध्या घरात या फरकातून शाळेची फी निघते.

इतके निकाल येऊनही सरकार अपिले करतच राहिले. गोव्याचे मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना, २०१५ मध्ये, खटले कमी करण्यासाठी त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमली. त्या समितीच्या अहवालात डिसॅबिलिटी पेन्शनच्या वादांवर सविस्तर लिहिले आहे आणि निकालांनी मिटलेल्या प्रश्नांवरची अपिले मागे घ्यावीत अशी शिफारस आहे. अपंग सैनिकाविरुद्ध त्याच्याच सरकारने दिल्लीपर्यंत वकील उभे करावेत, ही गोष्ट मला आजही पटत नाही. पैशाचा हिशेब काहीही असो, भरतीच्या वेळी आम्ही तुझी काळजी घेऊ असे सांगणारे सरकार ते हेच असते.

दुसरी बाजूही माहीत हवी, नाही तर हा निकाल हातात घेऊन जाणारा माणूस फसेल. ऑक्टोबर २०१९ मध्ये नरसिंग यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनिया झालेल्या जवानाचे अपील फेटाळले. काही मानसिक आजार भरतीच्या थोड्या वेळच्या तपासणीत दिसत नाहीत, आणि वैद्यकीय मत त्या दिशेने कारणांसह आले असेल तर गृहीतक आपोआप लागू होत नाही, असे न्यायालय म्हणाले. धरमवीर सिंग निकालाशी हे विसंगत नाही. दोन्हीकडे प्रश्न तोच आहे: बोर्डाने कारणे दिली का, आणि ती पटण्यासारखी आहेत का? पण कुटुंबाच्या दृष्टीने हा फरक क्रूर आहे. अपस्माराच्या कागदावर कारण लिहिलेले नाही म्हणून एकाला पेन्शन, स्किझोफ्रेनियाच्या कागदावर लिहिलेले आहे म्हणून दुसऱ्याला नाही. दोघेही निरोगी म्हणून गेले होते.

नियमही बदलत गेले. २००८ च्या नियमांत गृहीतकाची भाषा पातळ झाली. आजार सेवाकाळात दिसला एवढ्यावरून तो सेवेमुळेच झाला असे ठरत नाही, हे वाक्य त्यांत आले. २१ सप्टेंबर २०२३ पासून आणखी नवे नियम लागू झाले आणि अपंगत्वासह सेवेत राहून निवृत्त होणाऱ्यांसाठी ‘इम्पेअरमेंट रिलीफ’ हा वेगळा लाभ आला. त्यामुळे माणूस सेवेतून कोणत्या तारखेला बाहेर पडला, हे पहिल्यांदा पाहावे. १९९४ मध्ये घरी आलेल्याला १९८२ चे नियम, २०१२ मध्ये आलेल्याला २००८ चे. सल्ला देणारे पुष्कळ जण ही तारीख न विचारताच निकालाचे नाव सांगून मोकळे होतात.

हातात नकाराचे पत्र असेल तर

महाराष्ट्रातल्या माजी सैनिकाला या प्रकरणातून काय घ्यायचे, ते त्याच्या हातातल्या कागदांवर अवलंबून आहे. सर्वांत महत्त्वाचा कागद मेडिकल बोर्डाच्या कार्यवाहीचा. नकाराच्या पत्रात फक्त निष्कर्ष असतो, कारण आहे की नाही हे बोर्डाच्या फॉर्ममध्येच कळते. त्याची प्रत आपल्या रेकॉर्ड ऑफिसकडे, म्हणजे जवानाची सेवेची कागदपत्रे ठेवणाऱ्या कार्यालयाकडे, मागता येते. मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानाचे रेकॉर्ड ऑफिस बेळगावला, इतरांचे आपापल्या कोअरप्रमाणे. उत्तर आले नाही तर माहिती अधिकार कायदा आहेच. स्वतःचेच वैद्यकीय कागद मागणाऱ्याला ‘ही खासगी माहिती आहे’ असे सांगता येत नाही. डिस्चार्ज बुक आणि भरतीच्या वेळच्या तपासणीची नोंद हे दोन कागदही सोबत हवेत. खटला शेवटी त्या नोंदीतल्या मोकळ्या रकान्यावरच उभा राहतो.

बोर्डाचा फॉर्म हातात आला की दोन जागा पाहाव्यात. आजार भरतीच्या वेळी कळू शकला असता का, या प्रश्नाला काय उत्तर दिले आहे? आणि सेवेशी संबंध नाही असे म्हणताना त्यापुढे कारण आहे की नुसतेच ‘कॉन्स्टिट्यूशनल डिसऑर्डर’ (शरीराच्या मूळ घडणीतलाच आजार) किंवा ‘पीस एरियात सुरुवात’ असे लिहून सोडले आहे? रक्तदाब, मधुमेह आणि मानसिक आजारांच्या कागदांवर असे ठरीव शेरे फार असतात.

नकाराविरुद्ध पहिले अपील सहा महिन्यांत करायचे असते. तेही फेटाळले तर दुसऱ्या अपिलाची सोय आहे. त्यानंतर सशस्त्र दल न्यायाधिकरण. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. तिथे अर्ज करायची मुदतही अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची, पण पुरेसे कारण असेल तर उशीर माफ होतो. पेन्शन हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय मानला जातो, म्हणून खूप जुनी प्रकरणेही दाखल होतात. मात्र तरसेम सिंग खटल्यातल्या (२००८) तत्त्वाप्रमाणे थकबाकी सहसा अर्जाआधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते. म्हणजे उशिराचे प्रत्येक वर्ष कायमचे बुडते. २००८ च्या नियमांत आणखी एक धारदार अट आहे. सेवेतून बाहेर पडून १५ वर्षे झाल्यावर, मुदत संपून कागद नष्ट झाल्यानंतर, दावा केला तर सिद्ध करायचे ओझे जवानावर येते. गावाकडे ‘पोरं मोठी झाली की बघू’ म्हणून फाइल ट्रंकेत पडून राहते, तिचा तोटा असा होतो.

न्यायाधिकरणाच्या अनेक खंडपीठांत सदस्यांची पदे दीर्घकाळ रिकामी राहिली आहेत आणि तारखा लांबतात, हे खरे आहे. तरी वकिलाची फी परवडत नाही म्हणून कोणी मागे राहू नये. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने २०२५ मध्ये ‘वीर परिवार सहायता योजना’ सुरू केली, तिच्यात सैनिक कल्याण कार्यालयांमधून मोफत कायदेशीर मदत देण्याची कल्पना आहे. आपल्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ती सोय सुरू झाली आहे का, हे विचारावे. सुरू झाली नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जाता येते.

निकाल बाजूने लागला की पुढची कामे कुटुंबाने लगेच करायला हवीत, कारण ती आपोआप होत नाहीत. प्रयागराजच्या पेन्शन कार्यालयातून पेन्शनचा आदेश, म्हणजे पीपीओ, निघतो. त्यावर अपंगत्वाची टक्केवारी, ती कोणत्या तारखेपासून धरली आणि ब्रॉड बँडिंग दिले की नाही, हे तपासावे. न्यायाधिकरणाने ५० टक्के म्हटलेले असताना आदेशात जुनीच टक्केवारी राहिली, तर तेव्हाच लेखी हरकत घ्यावी. पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाशी जुळते का, तेही तिथेच पाहावे, नाही तर पुढे कौटुंबिक पेन्शनच्या वेळी अडचण येते. मग पीपीओची प्रत घेऊन माजी सैनिकाच्या ओळखपत्रासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि ईसीएचएस कार्डासाठी अर्ज. १ जानेवारी १९९६ पूर्वी निवृत्त झालेल्यांना ईसीएचएसची एकरकमी वर्गणी माफ आहे, त्यामुळे धरमवीर सिंग यांच्या काळातल्या जवानाने ती भरण्याची गरज नाही. कार्डात पत्नी आणि पात्र मुलांची नावे पहिल्याच अर्जात घालावीत आणि कार्ड येईपर्यंत अर्जाची पोचपावती जपून ठेवावी.